पाच मीटर नव्वद

पालकपत्र
इयत्ता दुसरी, तुकडी अ
या सत्रात आपले पाल्य खालील गोष्टी शिकेल.

भाषा : पाहिलेल्या प्रसंगाचे पाच वाक्यांत वर्णन करणे.

मोठ्या बाई टेबलामागे लाल पेन घेऊन बसल्या होत्या. दुसरीच्या बाई टेबलासमोर उभ्या होत्या. मध्ये एक खुर्ची होती, पण तिच्यावर मोठ्या बाईंची पर्स बसली होती. पालकपत्राच्या मसुद्यात ‘गणित : लांबी मोजणे’ या ओळीवर आडवी लाल रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘पुढच्या सत्रात’. दुसरीच्या बाईंनी विचारलं, का?

पाच वाक्यं झाली. पण पाच वाक्यांत भागत नाही, हे दुसरीतल्या पोरांनाही कळतं. सहावं वाक्य असं, की मोठ्या बाई म्हणाल्या, का ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. आणि सातवं असं, की ते बाईंना खरोखरच माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गणित : लांबी मोजणे. वीत, पाऊल, मीटर.

हे सगळं आठवडाभर आधी सुरू झालं.

बाई नऊ वर्षं वरच्या मजल्यावर पहिली शिकवत होत्या. या सत्रात त्यांना खाली आणलं, खोली क्रमांक तीनमध्ये, दुसरीवर. खोली कोंदट होती. बाकांमधून आडवं होऊन सरकावं लागायचं. बाईंनी मनाची समजूत घातली की आपलंच अंग सुटलंय, आणि संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा केला.

लांबी शिकवताना त्या पुस्तक उघडत नसत. आधी वीत, मग पाऊल. टाचेला अंगठा लावत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं. कुणाची बत्तीस पावलं भरली, कुणाची छत्तीस, आणि वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाची एकोणतीसच. मग जुंपली. ज्याची पावलं जास्त तो जिंकला असं अर्ध्या वर्गाचं म्हणणं, आणि ज्याचा पाय मोठा तो जिंकला असं उरलेल्यांचं. बाई मजेत बघत बसल्या. भांडण चांगलं पेटल्याशिवाय मुलांना कळत नाही, की पाय ज्याचा त्याचा असतो आणि म्हणून सगळ्यांना मिळून एकच पट्टी लागते. मग प्रत्येकानं जुन्या प्रश्नपत्रिका चिकटवून आपापली एक मीटरची कागदी पट्टी केली. चौतीस मुलं, चौतीस पट्ट्या.

तिसऱ्या दिवशी खोलीची लांबी. उत्तर काय यायला हवं ते बाईंना ठाऊक होतं, कारण ते दारावरच रंगवलेलं होतं : ‘खोली क्र. ३. लांबी ८ मी. रुंदी ६ मी.’ मुलं गुडघ्यांवर रांगत मोजायला लागली आणि उत्तर आलं, पाच पट्ट्या आणि वर थोडं. बाई म्हणाल्या, पट्टी तिरकी जातेय, परत मोजा. परत पाच आणि थोडं. मध्ये फट सोडू नका, परत. परत तेच. तिसऱ्या वेळेला बाईंचा आवाज चढला. सहा जणांच्या वहीत आठ होतं, त्यांना त्यांनी चांदणी काढून दिली. बाकीच्या अठ्ठावीस वह्यांवर फुल्या.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणायचे. पेन्सिल कुणाची, खिडकीजवळ कोण बसणार, डब्यातलं कुणी कुणाला दिलं, सगळे खटले तिच्याकडे चालायचे. तिनं वहीवरची फुली पाहिली. रडली वगैरे नाही. वही घेऊन टेबलापाशी आली.

“बाई, त्या सहा जणांनी मोजलंच नाही. दारावरून उतरवलं.”

बाईंनी तिला सुनावलं, की दुसऱ्याचं बघू नकोस, तुझं का चुकलं ते बघ.

“माझं चुकलं नाही. आठ पूर्वी होतं. ही मागची भिंत नाहीये, बाई. ही माझ्या बाबांनी केलीय.”

आणि तिनं जाऊन त्या पिवळ्या भिंतीवर टकटक केलं. भिंत रिकाम्या डब्यासारखी वाजली.

शाळा सुटल्यावर बाईंनी खेळाच्या कपाटातला मोठा टेप आणला. एक टोक फळ्याखाली खुर्चीच्या पायानं दाबलं आणि दुसरं ओढत मागे नेलं. पाच मीटर नव्वद. टेप गुंडाळायचं भान राहिलं नाही. त्या पहिल्या बाकावर बसल्या, गुडघे वर येऊन हनुवटीला लागेपर्यंत खाली, आणि पहिला राग त्यांना स्वतःचा आला. ज्यांनी डोळे उघडे ठेवून मोजलं त्यांना फुली, आणि ज्यांनी दारावरून ढापलं त्यांना चांदणी. नऊ वर्षं काय शिकवत होतो आपण?

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर सांगितलं, की चूक बाईंची होती. अठ्ठावीस फुल्या खोडून बरोबरच्या खुणा केल्या. वकीलनं मान डोलावली, निकाल अपेक्षेप्रमाणेच लागल्यासारखी. त्या सहा चांदण्यांचं काय करायचं ते मात्र बाईंना सुचलं नाही. दिलेली चांदणी परत घ्यायला दुसरीच्या वर्गात फार मोठं काळीज लागतं.

परिसर : आरोग्यासाठी हवा, उजेड आणि मोकळी जागा यांचे महत्त्व.

वकीलचे बाबा सुतार. त्या दिवशी मुलीला न्यायला आले तेव्हा बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. केसांत भुसा, कानावर पेन्सिल. पोरगी काय बोलली ते त्यांच्या कानावर गेलंच होतं, कारण पोरगी घरीही खटले चालवायची.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. काम सुट्टीत झालं. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, वर पुट्टी भरून घासून जुन्या भिंतीचा रंग. खाली तशीच फरशीची पट्टी. पलीकडे पाहुण्यांची खोली : सोफा, काचेचं टेबल आणि माशांची टाकी. प्रवेशाच्या दिवसांत नवे पालक येतात, त्यांना बसवायला. खोलीचं मागचं दार आणि चारपैकी दोन खिडक्या गेल्या त्या बाजूला.

“मला सांगितलं, भिंत वाटली पाहिजे,” सुतार म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, “वाटते ना?”

कारागीर माणूस. एवढ्यातही त्याला कामाची पावती हवी होती. बाईंना हसावं की ओरडावं कळेना. वाटते, म्हणाल्या. अगदी हुबेहूब वाटते. मग त्यानं हळूच सांगितलं, की शाळेच्या बाकांची दुरुस्ती दरवर्षी त्याच्याकडे असते, तेव्हा त्याचं नाव कुठे येऊ नये. बाईंनी शब्द दिला. पण मनातल्या मनात चरफडल्या. सुताराला सांगितलं म्हणून त्यानं केलं. रंगाऱ्याला सांगितलं म्हणून त्यानं रंगवलं. विचारायला गेलं तर या इमारतीत कुणीच काही केलेलं नव्हतं, आणि तरी दोन मीटर दहा सेंटीमीटर खोली गायब होती.

नुसती खोली लहान झाली असती तर एक वेळ त्या मूग गिळून बसल्या असत्या. पण दुसरी ब च्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. नव्या बाई नेमायच्या तर व्याप, म्हणून ठरलं होतं की ब मधली चौदा मुलं सोमवारपासून अ मध्ये बसतील. नियम असा, की एका मुलामागे एक चौरस मीटर. आठ गुणिले सहा अठ्ठेचाळीस. चौतीस अधिक चौदा अठ्ठेचाळीस. कागदावर कसं अगदी नखभरही इकडेतिकडे नाही. आणि खऱ्या खोलीत मावत होती पस्तीस.

मागच्याच मंगळवारी शेवटच्या बाकावरच्या मुलाला मळमळलं. दाराकडे पळायला वाटच नव्हती. तो तीन बाकांवरून चढत गेला आणि चौथ्यावर त्याला उलटी झाली, तिथे बसलेल्या मुलीच्या वहीवर. बाईंनी नंतर घड्याळ लावून पाहिलं : एकाच दारातून चौतीस मुलं बाहेर पडायला चार मिनिटं लागली, तीही खेळ आहे म्हणून हसत हसत, धूर नसताना, कुणी घाबरलेलं नसताना. अठ्ठेचाळीस मुलांना किती लागतील, ते गणित त्यांनी मुलांना घातलं नाही.

हे सगळं घेऊन त्या मोठ्या बाईंकडे गेल्या होत्या. तोच तो पर्सचा आणि लाल पेनचा प्रसंग.

मोठ्या बाईंनी आधी हसून घेतलं. मुलांच्या मापाला काय अर्थ, म्हणाल्या, एकाची बत्तीस पावलं, एकाची छत्तीस. बाईंनी टेपचं सांगितलं. तेव्हा हसणं गेलं. दोन मीटरवरून एवढा गहजब? पाहुण्यांची खोली बघून पालक प्रवेश घेतात, प्रवेशांवर शाळा चालते, शाळेवर तुम्ही आम्ही चालतो. आणि शुक्रवारी तपासणी आहे, तोवर वर्गात मोजामोजी नको. फुलपाखरू घ्या. फुलपाखराचं जीवनचक्र घ्या, मुलांना आवडतं.

“आणि चौदा मुलं बसवू कुठे?” बाईंनी विचारलं.

“अहो, लहान आहेत ती. दाटीवाटीनं बसतात. उलट त्यांना ऊब वाटते.”

बाईंच्या तोंडाशी आलेलं वाक्य पालकपत्रात छापण्यासारखं नव्हतं. त्यांनी मसुदा उचलला आणि बाहेर आल्या. जिन्याखाली उभं राहून त्यांनी त्या कागदाची घडी घातली, मग तिची घडी, मग तिची, घडी बोटांत मावेनाशी होईपर्यंत.

कला : चित्र काढणे व चिकटवणे.

गुरुवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या मावशी डिंकाची बरणी घेऊन वर्गात आल्या आणि मुलांची होती नव्हती तेवढी चित्रं मागच्या भिंतीवर चिकटवून गेल्या, इतकी दाट, की बोट टेकवायला जागा राहू नये. हे कुणी सांगितलं असं बाईंनी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, मला काय विचारता बाई, मला डिंक दिला.

चांगल्या सवयी : नेहमी खरे बोलणे. आपली पाळी येईपर्यंत शांत राहणे.

शुक्रवारी तपासनीस आले. त्यांना सोफ्यावर बसवलं, चहा दिला. पलीकडे बाई फुलपाखराचं जीवनचक्र शिकवत होत्या आणि भिंतीतून माशांच्या टाकीचा बुडबुड आवाज येत होता. कोष म्हणजे काय, तर अळीची खोली. किती मोठी? बाई म्हणाल्या, अळीला पुरेल एवढी.

मग बोलावणं आलं. काचेच्या टेबलावर खोलीच्या माहितीचा फॉर्म होता. लांबी ८.००, रुंदी ६.००, दारे दोन, खिडक्या चार. सगळं मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षरात, जुन्या फॉर्मवरून उतरवलेलं. खाली मोठ्या बाईंची सही झालेली, आणि शेजारी रिकामी ओळ : वर्गशिक्षकाची सही. तपासनीसांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. ते बाईंकडे बघतही नव्हते, माशांकडे बघत होते.

बाई म्हणाल्या, मोजून झाल्यावर सही करते.

मोठ्या बाईंनी साहेबांच्या वेळेचं कारण सांगितलं. साहेबांनी स्वतःच्या गुडघ्यांचं. अजून चार शाळा करायच्या आहेत, म्हणाले, आणि बाई, आठ काय नि सहा काय, मला घरी न्यायचीय का खोली? मोठ्या बाई हसल्या. ते हसणं संपेपर्यंत बाई थांबल्या.

मग त्यांनी पेन घेतलं, ८.०० वर काट मारली आणि वर लिहिलं ५.९०. दारे दोनवर काट, एक. खिडक्या चारवर काट, दोन. आणि खाली सही केली, तारखेसकट, इतक्या जोरात की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

तपासनीसांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“अहो, काय केलंत हे? खाडाखोड असली की मला प्रत्यक्ष मोजावं लागतं. नियम आहे.”

“मोजा की,” बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी दुसरा कोरा फॉर्म विचारला. साहेबांकडे तो नव्हता. शाळेगणिक मोजून मिळतात, म्हणाले, आणि ते सांगताना त्यांना सगळ्या जगाचा वैताग आला. उठले. गुडघे वाजले. वर्गात चौतीस मुलं ‘नमस्ते साहेब’ म्हणून उभी राहिली आणि उभी राहिल्यावर साहेबांना आत शिरायला जागाच उरली नाही. मग मुलांना बाकांवर चढवलं. टेपचं एक टोक बाईंनी धरलं, दुसरं साहेबांनी, ढेरी आवरत, चित्रांच्या भिंतीला टेकवलं. बाकांवर उभ्या राहिलेल्या चौतीस मुलांनी आकडा एका सुरात वाचला. त्यांना कुणी वाचायला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी तो लिहिला. गुणाकार केला. ‘कमाल विद्यार्थी : ३५’. टोपण लावताना बाईंना म्हणाले, नसती हौस तुम्हाला. खरं बोलल्याबद्दल बाईंना त्या दिवशी मिळालेलं बक्षीस एवढंच.

पालकांसाठी सूचना :

सूचना मोठ्या बाईंनी तोंडी दिली, साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर. चौदा मुलांना जागा नाही हे सोमवारी पालकांना तुम्हीच सांगायचं. मोजलं कुणी, तुम्ही. मग सांगणार कोण? त्यांचा आवाज अगदी गोड होता.

सोमवारी सव्वासातला बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. चौदा मुलं, नव्या दप्तरांत जुनी पुस्तकं. त्यांचे आईबाप, एकाचे आजोबा. बाईंनी सांगितलं, वर्गात पस्तीसच मुलं बसू शकतात. सांगता सांगताच त्यांना जाणवलं, की हे वाक्य बाहेरून ऐकायला किती घाण लागतं.

एक आई पुढे झाली. रात्रपाळीचे कपडे अंगावर, डोळे लाल. तिनं विचारलं, जागा नाही की आमची मुलं नकोत? ब तुकडी म्हणजे काय उरलंसुरलं का? दुसऱ्या एका बापानं विचारलं, शुक्रवारपर्यंत जागा होती, मग शनिवार-रविवारात कुठे गेली? बाई उत्तर देणार तोच आजोबांनी बोटांवर आकडेमोड केली.

“तुमची चौतीस आहेत ना? म्हणजे एक बसतो. आमचा घ्या. आम्ही पहिल्यापासून उभे आहोत.”

आणि मग नको ते झालं. एक जागा आहे म्हटल्यावर चौदा जणांचे चेहरे बदलले. रात्रपाळीची आई म्हणाली, पहिले तुम्ही कसे, मी साडेसहापासून आलेय. कुणी म्हणालं, आमची हुशार आहे. कुणी म्हणालं, आमच्याला दमा आहे, त्याला लांबच्या शाळेत धाडू का? आजोबांनी नातवाला खांद्याला धरून पुढे ढकललं. नातू लाजेनं मान खाली घालून बुटाचं टोक बघत राहिला. ज्यांच्याविरुद्ध भांडायचं ते वर पंख्याखाली बसले होते, आणि इथे खाली ही माणसं एका चौरस मीटरवरून एकमेकांना कोपरानं ढकलत होती.

बाईंच्या डोळ्यांपुढे लाल झालं. इतकं की आवाज उलट खाली उतरला.

“माझ्याबरोबर चला,” त्या म्हणाल्या. “सगळे. मुलं पण.”

पाहुण्यांच्या खोलीला कुलूप होतं. मावशी शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. बाईंनी हात पुढे केला. मावशींनी लांबवर कॉरिडॉरच्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, मी काही किल्ली देत नाही बाई, माझी नोकरी जाईल. उठल्या, जुडगा स्टुलावर ठेवला आणि झाडू शोधायला गेल्या.

दार उघडलं. सोफा, काचेचं टेबल, मासे. अठ्ठावीसएक माणसं आत शिरली आणि भिंतींना टेकून उभी राहिली, सोफ्यावर बसायचं कुणाला सुचलं नाही. या बाजूनं भिंतीला रंगही दिलेला नव्हता. खिळ्यांच्या रांगा उघड्या दिसत होत्या. बाईंनी त्यावर थाप मारली.

“माझा वर्ग याच्यामागे आहे. ही खोली त्याच वर्गातली. हे दार वर्गाचं, या दोन खिडक्या वर्गाच्या. जागा कुठे गेली विचारलंत ना? तुम्ही जागेतच उभे आहात. आता एकासाठी भांडू नका.”

रात्रपाळीच्या आईनं पुढे होऊन प्लायवूडवर बोटं टेकवली, ताप बघितल्यासारखी. आजोबांनी नातवाच्या खांद्यावरचा हात काढला आणि दप्तर त्याच्या पाठीवरून उतरवून सोफ्यावर ठेवलं. मग दुसऱ्या कुणी ठेवलं. एकामागून एक चौदा दप्तरं सोफ्यावर आली.

घंटा झाली. बाईंचे चौतीस वाट बघत होते. कॉरिडॉरच्या टोकाशी मोठ्या बाईंच्या सँडलचा आवाज सुरू झाला होता आणि जवळ येत होता. बाई त्या आवाजाच्या समोरूनच चालत गेल्या. मोठ्या बाईंनी काहीतरी विचारलं. बाईंनी सांगितलं, पालक आलेत, पाहुण्यांच्या खोलीत बसवलेत, आणि वर्गात शिरून हजेरी घेतली.

फळ्यावर त्यांनी तारीख लिहिली. खडू दोनदा मोडला. मागून आवाज यायला लागले. सुतारानं भिंत दिसायला भिंतीसारखी केली होती, पण ऐकायला ती पडद्याएवढीच होती. आधी मोठ्या बाईंचा गोड आवाज. मग तो जरा कमी गोड. मग स्पष्ट, अक्षर न् अक्षर ऐकू येईल असा : “अहो, समजून घ्या, शाळेत जागाच नाही.”

“मग आम्ही उभे कशात आहोत?” रात्रपाळीच्या आईनं विचारलं. पाठोपाठ सगळेच बोलायला लागले, आणि मग कुणीतरी प्लायवूडवर मूठ आपटली. एक चित्र सुटून खाली पडलं. मग दुसरं.

चौतीस मुलं मान वळवून मागे बघत होती. वकील तर बाकावर उलटीच बसली होती. नऊ वर्षांत अशा वेळी बाई एकच वाक्य म्हणत आल्या होत्या, लक्ष इकडे. त्यासाठी तोंड उघडलंही.

मग त्यांनी खडू ठेवला, बाकांमधून आडव्या होत मुलांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःही त्या भिंतीकडे तोंड केलं.

“नीट ऐका,” त्या म्हणाल्या.